वाळूच्या माऱ्यामागील वारा : कंप्रेसरची निवड कशी करावी?

मालवण तालुक्यातील धामापूर येथील तलाव इ.स. १५३० मध्ये बांधला गेला. मातीच्या बांधाने अडविलेले ते पाणी आजही शेतीला मिळते. सन २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन संरचनेचा मानही दिला. माती आणि दगड यांचे काम असे जवळजवळ पाच शतके टिकून राहते. त्याच परिसरातील घराचे लोखंडी फाटक, खिडकीचे गज, पाण्याची टाकी उचलून धरणारे खांब किंवा मालवाहू गाडीचा सांगाडा मात्र पाच पावसाळे गेले की पोपडे टाकू लागतो. समुद्रावरून येणारा खारा वारा, वर्षातील बराच काळ टिकणारी दमट हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस हे तिन्ही लोखंडाचे वैरी येथे एकत्र नांदतात.

किनाऱ्यावरील गंजाचा प्रश्न किती गंभीर असू शकतो, याची आठवण सन २०२४ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला झाली. मालवणच्या राजकोट येथील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट रोजी कोसळला, आणि त्यानंतरच्या चर्चेत गंजलेल्या नट-बोल्टांचाही उल्लेख झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा तज्ज्ञांचा विषय आहे. परंतु किनाऱ्यावर लोखंड वापरायचे तर त्याच्या पृष्ठभागाची निगा हा दुय्यम विषय मानून चालत नाही, एवढे त्यातून सर्वांच्या ध्यानात आले.

गंजावर वरून रंग फासणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. आतला गंज वाढतच राहतो आणि वर्षाच्या आत रंग फुगून सुटतो. तारेच्या ब्रशने व पॉलिशपेपरने घासले तरी खळग्यांतील गंज निघत नाही. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे दाबाखालील हवेबरोबर खरखरीत कणांचा मारा करून पृष्ठभाग उघडा व किंचित खडबडीत करणे. हेच सँडब्लास्टिंग. बेंजामिन च्यू टिल्गमन या अमेरिकन संशोधकाने सन १८७० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. आज सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या एखाद्या तरुणाला हा जोडधंदा सुरू करावासा वाटला, तर ते स्वाभाविक आहे. मात्र या धंद्यात भांडवलाचा मोठा भाग एकाच यंत्रात अडकतो. ते यंत्र म्हणजे कंप्रेसर, आणि चूकही बहुधा तेथेच होते.

दाब नव्हे, हवेचे प्रमाण

खरेदीस गेलेला ग्राहक प्रथम विचारतो, "किती दाबाचा आहे?" वास्तविक जवळजवळ प्रत्येक कंप्रेसर सात बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय, इतका दाब देऊ शकतो. तो दाब नोझल उघडे असताना टिकवून धरता येतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, म्हणजे किती सीएफएम, या आकड्यात दडलेले असते.

हवेची गरज नोझलच्या भोकावरून ठरते. १०० पीएसआय दाबाला सुमारे ३ मिलिमीटर भोकास २० सीएफएम, ५ मिलिमीटरला ४५, साडेसहा मिलिमीटरला ८० आणि ८ मिलिमीटरला जवळपास १४० सीएफएम हवा लागते. व्यास दुप्पट झाला की हवा दुप्पट नव्हे, चौपट लागते. वाळूच्या घर्षणाने नोझलही झिजते. साडेसहाचे नोझल झिजून आठावर गेले की तेवढ्याच कामासाठी दीडपटीहून अधिक हवा खर्ची पडते. म्हणून आजच्या गरजेला अगदी बेताने पुरेल असे यंत्र घेणे धोक्याचे ठरते.

हिशेब असा मांडता येईल. साडेसहा मिलिमीटरच्या नोझलसाठी ८० सीएफएम, कामगाराच्या शिरस्त्राणातील श्वसनहवेसाठी सुमारे १५, एकूण ९५. त्यावर झीज व गळतीसाठी पंचवीस टक्के राखीव धरले की १२० सीएफएम. एका अश्वशक्तीमागे सुमारे ४ सीएफएम हवा मिळते असे धरल्यास ३० अश्वशक्तीचे, म्हणजे २२ किलोवॅटचे यंत्र लागते. ५ मिलिमीटरच्या नोझलवर समाधान मानले तर हाच हिशेब ७५ सीएफएम आणि सुमारे २० अश्वशक्तीवर येतो.

गॅरेजमध्ये टायरला हवा भरणारा ५ अश्वशक्तीचा कंप्रेसर ३ मिलिमीटरचे नोझलही सलग चालवू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. टाकी मोठी घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही. टाकी हा साठा आहे, उत्पन्न नव्हे. खर्च मिळकतीहून जास्त असेल तर बचत खात्यातील शिल्लक काही काळच पुरते, तसेच हे आहे.

कंप्रेसरच्या माहितीपत्रकातील आकडाही नीट वाचावा लागतो. पिस्टन कंप्रेसरच्या बाबतीत बरेचदा पिस्टनचे विस्थापन छापलेले असते. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या सत्तर-ऐंशी टक्केच असते. दरपत्रकात "फ्री एअर डिलिव्हरी" हा आकडा, तोही सात बार दाबाला, लेखी मागून घ्यावा.

पिस्टन की स्क्रू, वीज की डिझेल?

पिस्टन कंप्रेसर स्वस्त असतो आणि गावातला मेकॅनिकही तो उघडू शकतो. परंतु तो सतत चालविण्यासाठी नसतो. त्याला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. सँडब्लास्टिंगमध्ये नोझल तासन्‌तास उघडे असते, त्यामुळे यंत्र तापते, तेल हवेत मिसळते आणि तेलकट झालेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही. स्क्रू कंप्रेसरची किंमत अधिक, तेल व फिल्टर बदलण्याचे वेळापत्रक काटेकोर, पण तो दिवसभर न थांबता चालतो. रोज तीन-चार तासांहून अधिक काम असेल तर स्क्रूच योग्य.

विजेवरचे यंत्र घेण्यापूर्वी थ्री-फेज जोडणी आणि मंजूर भार यांची चौकशी महावितरणकडे आधी करावी. यंत्र दारात आणि जोडणी कागदावर, असा प्रसंग अनेक लघुउद्योजकांवर येतो. २२ किलोवॅटचे यंत्र पूर्ण भाराने सहा तास चालले तर १३२ युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले तर दिवसाला १,०५६ रुपये होतात. पूल, टाकी किंवा जेटी यांवर जागेवर जाऊन काम करायचे असेल तर चाकांवरचा डिझेल स्क्रू कंप्रेसर लागतो. तो पहिल्या वर्षी भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे. वर्षभरात किती दिवस काम मिळते हे वहीवर आले की विकत घेण्याचा निर्णय आपोआप सुकर होतो.

कोकणातील हवेतले पाणी

देशावर फारशी न जाणवणारी अडचण येथे मोठी होते, ती म्हणजे बाष्प. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के आर्द्रता असताना एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. १२० सीएफएमचे यंत्र तासाला सुमारे २०० घनमीटर हवा ओढते, म्हणजे जवळपास पाच किलो पाणी. ही हवा दाबून एक-अष्टमांश झाली आणि चाळीस अंशांपर्यंत थंड झाली की त्यातील साडेतीन लिटरच्या आसपास पाणी दर तासाला सुटते. ते वेळीच बाजूला काढले नाही तर कण ओले होऊन पॉटमध्ये बसतात, नोझल तुंबते आणि नुकताच उजळलेला पत्रा डोळ्यांदेखत तांबूस होतो.

यासाठी आफ्टरकूलर, पुरेशी रिसीव्हर टाकी आणि मॉइश्चर सेपरेटर यांची किंमत दरपत्रकात पहिल्यापासून धरावी. पावसाळ्यातही काम चालू ठेवायचे असेल तर ड्रायरही लागेल. टाकीचे पाणी रोज सोडावे. लोखंडाच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी अधिक असल्याखेरीज ब्लास्टिंग व रंग करू नये, हा या व्यवसायातला मान्य नियम आहे. शिवाय खाऱ्या वाऱ्यातील वस्तू ब्लास्टिंगपूर्वी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी, अन्यथा खळग्यांत दडलेले मीठ नव्या रंगाखाली पुन्हा गंज आणते.

स्वस्त वाळूचे महाग मोल

याच जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. वाळू जवळ, वाहतूक कमी, भाव परवडणारा; मोह होणे साहजिक आहे. तो निग्रहाने टाळला पाहिजे. मारा होताच सिलिकाचा कण फुटून इतका बारीक होतो की तो डोळ्यांना दिसत नाही आणि थेट फुफ्फुसात उतरतो. त्यातून सिलिकोसिस होतो. या रोगावर गुण देणारे औषध नाही, फुफ्फुसाची झालेली हानी भरून येत नाही आणि क्षयरोगाचा धोका वाढतो. ब्रिटनने सन १९४९ च्या नियमांनी ओतकामाच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूचा वापर बंद केला. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद अधिसूचनीय रोग म्हणून करण्यात आली होती.

गार्नेट, कॉपर स्लॅग, बंद खोलीत पुन्हापुन्हा वापरता येणारे स्टील ग्रिट हे पर्याय उपलब्ध आहेत. त्यांचा भाव अधिक वाटतो, पण गार्नेट व ग्रिट चाळून पुन्हा वापरता येतात. मात्र जुना रंग शिशाचा असेल तर पर्यायी कणांचा मारा केला तरी उडणारी धूळ विषारीच असते. म्हणून बंदिस्त जागा हवी, आणि ही धूळ विहीर, ओहोळ वा तलाव यांच्या जवळपासही जाता कामा नये.

येथे कंप्रेसरच्या निवडीचा सर्वांत नाजूक भाग येतो. ज्या यंत्राची हवा नोझलला जाते, तीच नळी जोडून कामगाराच्या शिरस्त्राणात सोडणे जिवावर बेतू शकते. तेलाने वंगण होणारे यंत्र तापले की हवेत कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वसनहवेसाठी वेगळी गाळणी आणि धोक्याची सूचना देणारे उपकरण असलेच पाहिजे. यंत्राचे हवा घेण्याचे तोंड धूळ व डिझेलच्या धुरापासून दूर असावे. हात सुटताच मारा थांबविणारी मूठ नोझलवर असावी. रिसीव्हर टाकी म्हणजे दाबपात्र आहे. तिचे प्रमाणपत्र आणि ठरावीक मुदतीचे परीक्षण यांत सवलत नाही.

भांडवलाचा विचार

लहान यंत्र घेऊन "पुढे मोठे घेऊ" हा विचार वरवर काटकसरीचा वाटतो. नोझलजवळचा दाब १०० वरून ८० पीएसआयवर आला की काम जवळपास एक-तृतीयांशाने घटते आणि ६० वर आला की निम्म्यावर येते. कामगाराची मजुरी मात्र तासावारीच राहते. स्वस्त यंत्राची किंमत अशी रोज थोडी थोडी भरावी लागते.

मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते, आणि आधीचे तरुण कर्ज फेडलेल्यांना सन २०२४ पासून २० लाखांपर्यंतची मर्यादा खुली झाली. अर्ज करताना केवळ कंप्रेसरची किंमत दाखवू नये. पॉट, होज, ड्रायर, श्वसनसंच, वीजजोडणी आणि तीन महिन्यांचे खेळते भांडवल हे सर्व प्रकल्प खर्चात धरावे. पावसाळ्यात उत्पन्न घटते, हे बँकेला आधीच सांगून हप्त्यांचे वेळापत्रक त्यानुसार मागावे. सुरक्षेची साधने "नंतर घेऊ" म्हणून यादीतून वगळली, तर ती बहुधा घेतलीच जात नाहीत.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार आकडे असावेत : नोझलचा व्यास, रोजचे कामाचे तास, लागणारी हवा आणि मंजूर वीजभार. विक्रेत्याला पहिला प्रश्न हवेच्या प्रमाणाचा विचारावा आणि शेवटचा शिरस्त्राणातील हवेचा. या दोन्ही प्रश्नांना समाधानकारक लेखी उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.