बाळाचे दात आणि आपली समजूत

गेल्या पावसाळ्यात आमची नात आठ महिन्यांची होती. खालच्या हिरडीतून पहिल्या दाताची पांढरी कड दिसू लागली होती. मुलगा कामासाठी कुवेतला. तो दात बघायला त्याने एका दिवसात तीनदा व्हिडिओ कॉल केला आणि पोरगी दर वेळी तोंड घट्ट मिटून बसली. घरात आनंद होता. त्याच आठवड्यात तिला जुलाब सुरू झाले. सून घाबरली. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तिलाच समजावले, "दात येताना पोट बिघडतेच. आमच्या चारही मुलांचे असेच झाले. दात वर आला की आपोआप थांबेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून म्हणाली, "अम्मी, हिने सकाळपासून लघवीच केलेली नाही." तेव्हा कुठे आम्ही पोरीकडे नीट पाहिले. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हते. ओठ सुकले होते. डोक्यावरची टाळू खोल गेली होती. तशाच पावसात रिक्षा करून तिला तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांनी सलाईन लावले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "दातांनी जुलाब होत नाहीत, आजी. जंतूंनी होतात. उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होते." दोन रात्री दवाखान्यात काढून आम्ही तिला घरी आणले. अल्हम्दुलिल्लाह, आज ती घरभर पळते आहे.

पण ती चूक सुनेची नव्हती, आमची होती. ज्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो, तिथे वडीलधाऱ्यांची समजूत बरोबर असणे फार गरजेचे असते. म्हणून हे लिहिले आहे.

दात येताना खरोखर काय होते?

बहुतेक बाळांना पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. कुणाला चौथ्या महिन्यात, तर कुणाला वर्ष होत आल्यावर. आधी खालचे मधले दोन, मग वरचे दोन, मग त्यांच्या बाजूचे, मग दाढा आणि सुळे, असा साधारण क्रम असतो. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. दीड वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.

दात वर येताना हिरडी लाल होते, थोडी सुजते. लाळ गळते, बाळ हाताला लागेल ते चावते, किरकिर करते, रात्री उठते, गालाला आणि कानाला हात लावते. अंग किंचित कोमट लागू शकते. हा त्रास किती दिवस राहतो? २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या आईबापांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्या आठ दिवसांतच चावणे, लाळ आणि चिडचिड वाढलेली आढळली. मोठा ताप मात्र दाताशी जोडता आला नाही. म्हणजे दोन महिने बाळ आजारी आहे आणि कारण दात, असे होत नाही.

मग जुलाब आणि ताप नेमके याच वयात का?

आमच्या मुलांना दात येताना जुलाब झाले होते, हे खोटे नाही. पण ते दातांमुळे झाले नव्हते. सहाव्या महिन्यात एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. बाळ वरचे अन्न खाऊ लागते आणि वाटी, चमचा, पाणी यांतून जंतू पोटात जाऊ शकतात. ते रांगू लागते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. आणि जन्माआधी आईकडून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती याच सुमारास कमी झालेली असते. दात त्याच वेळी येतात, म्हणून दोष दातांच्या माथी जातो.

ही चूक फक्त आपल्याकडची नाही. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी नोंदींत पाच हजारांहून अधिक मृत्यूंचे कारण 'दात येणे' असे लिहिलेले आहे. ती मुले दातांनी गेली नव्हती. त्यांच्या खऱ्या आजाराकडे कुणी पाहिले नव्हते, एवढेच.

घरच्या घरी आराम कसा द्यावा?

सर्वांत सोपा उपाय आपल्या हातात आहे. हात साबणाने धुवा, नखे कापलेली असू द्या आणि बोटाच्या पेराने हिरडी हळूहळू एक-दोन मिनिटे चोळा. बाळ लगेच शांत होते, कारण त्याला हिरडीवर दाब हवा असतो.

मलमलचे धुतलेले फडके उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अर्धा तास ठेवा आणि आपल्या हातात धरून बाळाला चावू द्या. फ्रिज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवले तरी चालते. स्टीलचा चमचा गार करून त्याची पाठ हिरडीला लावता येते. टीथर घ्यायचे तर एकसंध रबराचे किंवा सिलिकॉनचे घ्यावे. आत पाणी भरलेले फुटू शकते. टीथर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, दगडासारखे कडक झाले की हिरडीला इजा होते. सहा महिने पूर्ण झाले असतील तर गार दही किंवा कुस्करलेले केळे जेवणात द्यावे.

लाळेने हनुवटी आणि गळा लाल होतो. लाळेरे बांधा, ओले झाले की बदला. तोंड घासून पुसू नका, टिपून घ्या आणि थोडे खोबरेल लावा. झोपवताना लाळेरे काढून ठेवा.

दूध पिताना बाळ चावू लागले म्हणून काही आया पाजणेच थांबवतात. तसे करू नये. पाजण्याआधी गार फडक्याने हिरडी चोळावी. चावले तर ओढून काढू नये; करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि एक मिनिट थांबावे. थोड्या दिवसांत बाळ शिकते.

यानेही बाळ शांत झाले नाही, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल देता येते. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: ड्रॉपरने द्यायचे थेंब हे चमच्याने द्यायच्या सिरपपेक्षा दुप्पट ते चौपट तीव्र असतात. थेंबांची बाटली आणि सिरपचा चमचा अशी अदलाबदल झाली तर मात्रा फार जास्त होते. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना कधीच देऊ नये.

काय टाळावे?

मध. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत याच ठिकाणी वाद होतो. मधात शिफा आहे, हे कुरआनने सांगितले आहे आणि त्यावर आमचा विश्वास आहे. पण शिफा देणाऱ्या वस्तूलाही वय आणि वेळ असते. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी राहतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात. मग शौचास होत नाही, मान लुळी पडते, रडणे क्षीण होते, श्वासही अडकू शकतो. घरी मध गरम केल्याने ही बीजे मरत नाहीत. वर्ष पूर्ण झाले की मध खुशाल द्या. तोवर बोटाला लावूनही नको.

टाकणखार. मधात टाकणखाराची लाही कालवून हिरड्यांना लावायची रीत आमच्या लहानपणी घरोघर होती. १९८३ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकीकत आली होती. त्यांच्या चोखणीला मध-टाकणखाराचे मिश्रण लावले जात होते आणि त्यांना झटके येऊ लागले होते. हे मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले.

मिश्री. ज्या बायकांना मिश्री लावायची सवय आहे, त्यांनी ते बोट बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

बधिर करणारे जेल. आखातातून येणाऱ्यांच्या बॅगेत हिरडीला लावायच्या जेलची ट्यूब हमखास असते. आमच्या मुलानेही पाठवली होती. बेन्झोकेन असलेली अशी औषधे दोन वर्षांखालील मुलांना वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती धोकादायकरीत्या घटू शकते. भेट म्हणून आलेली असली तरी आम्ही ती टाकून दिली.

खारीक, गाजर, कडक टोस्ट. खारीक चावायला देणे ही जुनी रीत. पण लाळेने ती मऊ होते, तुकडा तुटतो आणि घशात अडकतो. बी आत असेल तर धोका आणखी वाढतो.

गळ्यातला दोरा. मण्यांची माळ असो, काळा दोरा असो की ताईत, झोपेत गळ्याला आवळू शकतो आणि मणी तुटून घशात जाऊ शकतो. बाळासाठी दुआ करा, पण त्याचा गळा मोकळा ठेवा.

दाताचा त्रास नव्हे, आजार आहे, हे कसे ओळखावे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, पातळ शौच होत असेल, वारंवार उलटी होत असेल, धाप लागत असेल, अंगावर पुरळ असेल किंवा बाळ दूधच घेत नसेल, तर कारण दात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. घरात थर्मामीटर ठेवावा; हाताच्या अंदाजावर राहू नये.

जुलाब असतील तर डॉक्टरांकडे पोचेपर्यंत थांबायचे नाही. अंगावरचे दूध चालू ठेवा आणि ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते वाचा. मोठे पाकीट एक लिटरचे असते, छोटे २०० मिलिलिटरचे. पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला, अंदाजाने अर्धे नको. फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. जुलाब थांबले तरी झिंक डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा चौदा दिवस, पूर्ण द्यावे.

आणि टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना अश्रू नाहीत, सहा-आठ तासांत लघवी नाही किंवा बाळ सुस्त पडून आहे, यांतले एकही लक्षण दिसले, तर दुसऱ्या मिनिटाला घर सोडा. रात्र असो, पाऊस असो.

परवा शेजारची मुलगी बाळ घेऊन आली. "दादी, दात येताहेत वाटते, कालपासून शी पातळ आहे," म्हणाली. पूर्वी आम्ही हसून म्हटले असते, होते तसे. आता आम्ही पहिला प्रश्न विचारला, "शेवटची लघवी कधी झाली?" आणि ती सांगेपर्यंत सून आतून ओआरएसचे पाकीट आणि उकळलेले पाणी घेऊन आलीही होती.