शेळीचे गाभडणे आणि घरातील गर्भवती

पहाटे गोठ्यात जावे आणि चार महिन्यांची गाभण शेळी रात्रीतून गाभडलेली आढळावी, हा प्रसंग शेळ्या पाळणाऱ्या घरांना नवा नाही. झालेले नुकसान मनाला लागते. परंतु त्या गडबडीत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मेलेले करडू व वार उचलून गोठा झाडण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे येते, आणि त्या वेळी ती स्वतःच गर्भार असू शकते. असे होऊ देऊ नये. का होऊ देऊ नये, हे पुढे सांगितले आहे.

शेळ्यामेंढ्या गाभडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा गोंडी नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परोपजीवी होय. १९०८ साली ट्यूनिस येथील पाश्चर संस्थेत शार्ल निकोल व लुई मान्सो यांना तो गुंडी नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यात आढळला. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये तो सशातही दिसला. आईकडून तो मानवी गर्भास जडतो, हे न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी १९३९ साली दाखवून दिले. मेंढ्यांच्या गर्भपाताशी त्याचा संबंध १९५७ साली न्यूझीलंडमध्ये उघड झाला. तरीही एक कोडे राहिले होते. मेंढी काही मांस खात नाही. मग हा जंतू तिच्या पोटात जातो कसा? याचे उत्तर १९७० च्या सुमारास मिळाले, आणि ते कडब्याच्या गंजीवर निवांत झोपलेले होते. ते म्हणजे मांजर.

मांजराने बाधित उंदीर किंवा कच्चे मांस खाल्ले की हा परोपजीवी त्याच्या आतड्यात वाढतो, आणि एक ते तीन आठवडे त्याचे लक्षावधी बीजकोश विष्ठेवाटे बाहेर पडतात. मांजराच्या आयुष्यात हे बहुधा एकदाच, शिकार करू लागण्याच्या वयात घडते. ताज्या विष्ठेतील कोश बाधक नसतात. ते पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. मात्र एकदा पक्व झाले की ओलसर, सावलीच्या मातीत ते वर्षभराहूनही अधिक काळ तग धरतात. पेंडीच्या उघड्या पोत्यात, चाऱ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात मांजर घाण करते, आणि तेथून हे कोश शेळीच्या गव्हाणीत व आपल्या ताटात पोहोचतात. पाण्यावाटेही ते येऊ शकतात. २००४ साली कोइंबतूर येथे या रोगाने डोळे बिघडलेल्या रुग्णांची साथ आली, तेव्हा पिण्याच्या पाण्यावरच संशय गेला होता. पाण्यात टाकावयाच्या नेहमीच्या क्लोरीनने हे कोश मरत नाहीत. पाणी उकळावेच लागते.

बाधित शेळीच्या मांसातही हा परोपजीवी दडून राहतो. गर्भवतीचे मटण म्हणूनच आतपर्यंत शिजलेले असावे, मध्ये लाली राहता कामा नये. शिजता शिजता चव पाहण्यासाठी अर्धा कच्चा तुकडा तोंडात टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. ती या दिवसांत सोडावी. मांस चिरलेल्या विळीवर न धुता कोशिंबीर चिरू नये. शेळीचे दूध उकळूनच प्यावे.

स्वतः आईला या लागणीचा बहुधा पत्ताही लागत नाही. थोडा ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात, कित्येकींना तेवढेही होत नाही. सारे महत्त्व आहे ते लागण केव्हा झाली याला. ती पूर्वीच होऊन गेली असेल, तर शरीराची प्रतिकारशक्ती गर्भाचे सहसा रक्षण करते. धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाल्यास. पहिल्या तीन महिन्यांत ती गर्भापर्यंत क्वचित पोहोचते, पण पोहोचली तर गर्भपात होतो किंवा मुलाच्या मेंदूत पाणी साठणे, डोळ्यांच्या पडद्यास इजा होणे असे परिणाम होतात. शेवटच्या तीन महिन्यांत ती निम्म्याहून अधिक गर्भांपर्यंत पोहोचते, मात्र तेव्हा इजा सौम्य असते. मूल जन्मतः निरोगी दिसते आणि डोळ्यांचा दोष कधी कधी पुष्कळ वर्षांनी प्रकट होतो.

हे वाचून कोणी मांजराला घराबाहेर काढील, तर ते अकारण होईल. उंदरांचा बंदोबस्त मग कोणी करावयाचा? मांजराला कुरवाळल्याने हा रोग सहसा होत नाही. त्याला कच्चे मांस घालू नये, त्याची घाण घरातील दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढावी, आणि पेंडीची पोती झाकून ठेवावीत. खुरपणीस जाणाऱ्या गर्भवतीने शक्य तर हातमोजे घालावेत; ते नसल्यास शेतात काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. हात धुण्यास पाणी जवळ ठेवणे हे घरच्यांचे काम आहे, तिचे एकटीचे नव्हे.

आता गोठ्यातील प्रसंगाकडे वळू. गाभडलेल्या शेळीजवळ गर्भवतीने जाऊच नये. मेलेले करडू व वार घरातील पुरुषाने रबरी हातमोजे घालून उचलावी. वारेच्या गाठींवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर या रोगाचा संशय घ्यावा, परंतु निदान डोळ्यांनी होत नाही. ब्रुसेला या जंतूनेही शेळ्या गाभडतात आणि तोही माणसाला जडतो. म्हणून नमुना बंद भांड्यात, बर्फात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात पोहोचवावा, आणि उरलेले कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही इतके खोल पुरावे. तपासणीत टॉक्सोप्लाझ्माच आढळला, तर ती शेळी घाईने विकू नये. तिच्यात प्रतिकारशक्ती आलेली असते आणि पुढच्या वेतास ती बहुधा सुखरूप विते.

एका गैरसमजाविषयी लिहिणे जरूर आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीची टॉर्च नावाची रक्ततपासणी करतात आणि त्यात आयजीएम आढळले की सारा दोष या रोगावर व तिच्यावर येतो. वास्तविक हे द्रव्य लागणीनंतर कित्येक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ रक्तात टिकते; एकट्या अहवालावरून लागण ताजी आहे असे ठरत नाही. त्यासाठी पुन्हा तपासणी करावी लागते. शिवाय एकामागून एक होणाऱ्या गर्भपातांचे हे सहसा कारण नसते.

लागण खरोखर ताजी ठरली तर औषधे आहेत. गर्भास बाधा झालेली नसेल तेव्हा स्पायरामायसिन देतात. बाधा झाल्याचे ठरल्यास पायरिमेथामिन व सल्फाडायझिन फॉलिनिक आम्लासह देतात, परंतु पहिल्या तिमाहीत नव्हे. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची. घरात शेळी गाभडली होती, हे डॉक्टर आपण होऊन विचारणार नाहीत. ते आपणच सांगावे. बाळ जन्मल्यावर ते धडधाकट दिसले तरी त्याचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, आणि पुढेही काही वर्षे तपासत राहावे.