आजोबांची वसियत राहून गेली

आमच्या ओळखीतल्या एका घरात थोरला मुलगा अपघातात गेला. मागे बायको आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत, "माझ्यानंतर ही पोरं उघड्यावर पडणार नाहीत." मनापासून म्हणत, पण कागदावर काही आलं नाही, कुणाला साक्षीला बसवून ठरवूनही सांगितलं नाही. पुढे आजोबाही अल्लाहला प्यारे झाले. वारस लावायची वेळ आली तेव्हा कळलं, की या नातवंडांचा हिस्साच निघत नाही. मरहूम आजोबांचा धाकटा मुलगा हयात आहे आणि जवळचा वारस असला की दूरचा बाद होतो.

पोरांच्या आईनं आम्हाला विचारलं, "यतीमांना दीनमध्ये असं वाऱ्यावर सोडलंय का?"

सोडलेलं नाही. त्यांच्यासाठी वसियतचा दरवाजा ठेवलेला आहे. तो आजोबांनी उघडायचा राहून गेला.

आपल्याकडे अनेकांचा समज असतो, की कुरआननं हिस्से ठरवून दिलेत, मग मुसलमानाला मृत्युपत्र कशाला? सूरह निसामध्ये जिथे हिस्से सांगितले आहेत, तिथेच पुन्हा पुन्हा बजावलं आहे, की ही वाटणी वसियत आणि कर्ज भागवल्यानंतरची. क्रम असा: आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि उरेल त्यात वारस. बायकोचा न दिलेला मेहरसुद्धा कर्जच. हे आम्ही मुद्दाम लिहितोय, कारण मेहर "माफ करून घेण्याची" आठवण अनेक घरांत मय्यतीच्या वेळीच होते.

वसियत जास्तीत जास्त एक तृतीयांशाची करता येते. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना त्यांनी दोन तृतीयांश देऊन टाकू का, निम्मं देऊ का, असं विचारलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशावर थांबवलं आणि तेही पुष्कळ आहे म्हटलं. दुसरी मर्यादा हनफी मसलकात अशी, की जो आधीच वारस आहे त्याच्या नावे केलेली वसियत इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिली तरच चालते. म्हणजे लाडक्या मुलाला जास्त देण्यासाठी ही सोय नाही. पण ज्या नातवाला हिस्सा मिळत नाही, त्याला वसियत करता येते. विधवा सून सासऱ्याची वारस नसते, तिलाही करता येते.

आता हिशेब मांडू. समजा, मालमत्ता ५० लाखांची. दफनखर्च, कर्ज आणि मेहर मिळून २ लाख गेले, उरले ४८. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. वसियत नसेल तर बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ६ लाख, मुलाला २१ आणि प्रत्येक मुलीला साडेदहा लाख. थोरल्याच्या पोरांना शून्य. थोरला हयात असता तर त्याच्या वाट्याला १४ लाख आले असते. आणि आजोबांची वसियत १६ लाखांपर्यंत जाऊ शकत होती! बापाचा अख्खा वाटा पोरांना देऊन वर २ लाख उरले असते.

हा प्रश्न फक्त आपल्याच गल्लीतला नाही. इजिप्तनं १९४६ साली कायदा करून अशा नातवंडांसाठी वसियत बंधनकारक मानली. आजोबांनी केली नसली तरी केली असं धरून एक तृतीयांशाच्या मर्यादेत त्यांना देतात. पाकिस्ताननं १९६१ मध्ये त्यांना थेट आईबापाच्या जागी बसवलं, त्यावर उलेमांमध्ये बराच वाद झाला. भारतात १९३७ चा शरीअत कायदा आहे, त्यात अशी तरतूद नाही. इथे आजोबांनाच लिहावं लागतं.

मुसलमानाची तोंडी वसियतही कायद्यानं चालते, पण ती शाबीत करताना वारसांच्या नाकी नऊ येतात. साध्या कागदावर स्पष्ट लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. हे साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि वयानं आपल्याहून लहान असलेले बरे. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करून ठेवलेली चांगली. मन बदललं तर हयातीत ती रद्द करता येते.

हयातीतच द्यायचं असेल तर हिबा. त्याला एक तृतीयांशाची अट नाही, पण देणं, स्वीकारणं आणि ताबा सोपवणं या तिन्ही गोष्टी लागतात. घर नातवाला हिबा केलं म्हणायचं आणि भाडं मात्र मरेपर्यंत स्वतः घ्यायचं, अशा हिब्याला कोर्टात हरकत येतेच. तोंडी हिबा वैध असला तरी सात-बारा किंवा सोसायटीच्या दप्तरी नाव लावताना नोंदणीकृत बक्षीसपत्रच मागतात. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं किंवा मरहूम मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा.

आणि हो, बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं, असं नव्हे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच राहतात.

बहिणींबद्दल एक बोलायचं आहे. वडिलांच्या चाळिसाव्याआधीच भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. ती सही राजीखुशीची असते का, हे आपण सगळे जाणतो.

त्या घरात पुढे काय झालं? दादीनं आपल्या ६ लाखांतले ३ लाख नातवंडांच्या नावे केले. दोन्ही फुफ्यांनी प्रत्येकी दीड लाख दिले. बाद झालेला हिस्सा वारसांनी स्वखुशीनं, आपल्या वाट्यातून असा भरून काढता येतो. वाटणीच्या वेळी हजर असलेल्या नातलगांना, यतीमांना आणि गरिबांना काही द्यावं, असं सूरह निसाच्या आठव्या आयतीत आहे. ती आम्ही चाचांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "विचार करून सांगतो."

त्याला आता सात महिने झाले.