आधी हृदय, मग हाडं

‘घोडा जातीचाच धावणारा. मग लांब पल्ल्यासाठी त्याची वर्षानुवर्षं तयारी कशाला?’ एका वाचकाचा हा प्रश्न. तो ऐकून मला कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप शर्यत आठवली. वेंडेल रॉबी यांनी 1955 साली सुरू केलेल्या या शर्यतीत सिएरा नेवाडाच्या डोंगरवाटांवरून 160 किलोमीटर 24 तासांत कापायचे असतात. निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच पोचतात.

दमसास घोड्याला उपजतच असतो. एरवी मिनिटाला 30-40 ठोके देणारं त्याचं हृदय चौखूर धावताना 220 च्या पुढे जातं. आणि प्लीहा म्हणजे तर तांबड्या पेशींचं पेवच! धावायची वेळ आली की ती आकसते, साठा रक्तात ओतते आणि रक्तातला पेशींचा वाटा 40 टक्क्यांवरून 60 च्या घरात जातो.

गोम आहे ती पायांत. सराव सुरू झाला की हृदय आणि स्नायू काही महिन्यांत सुधारतात. कंडरा, अस्थिबंध आणि हाडं मात्र फार मागे राहतात. हाड आधी जुना भाग पोखरतं, मग नवा भरतं; भिंत पाडून पुन्हा बांधायला काढलेल्या घरासारखं मधल्या काळात ते कच्चं असतं. तीन महिन्यांनी घोडा लगामाला ओढ देऊ लागतो, स्वाराला वाटतं झाली तयारी, आणि घोडा लंगडतो. म्हणून जाणते स्वार सुरुवातीचे महिने साधी चाल आणि संथ दुडकी यांतच घालवतात. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. दोन्ही एकदम कधीच नाही. टेव्हिसला सहा वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच नाही, तो याचसाठी.

पशुवैद्य केरी रिजवे यांची एक चाचणी मला फार आवडते. नाडी मोजायची, घोड्याला जाऊन-येऊन सुमारे 75 मीटर दुडकवायचं आणि निघाल्यापासून मिनिट भरताच पुन्हा मोजायची. आकडा तेवढाच किंवा कमी भरला तर उत्तम. वाढला तर घोडा थकला आहे, नाहीतर त्याला कुठेतरी दुखतं आहे. आता स्वारीत सतत नाडी दाखवणारे पट्टेही मिळतात. पण त्यांच्या आकड्यांवर भुलू नये. ते हृदयाची खबर देतात, हाडाची नाही.

टेव्हिसमध्ये अंतिम रेषेनंतरही पशुवैद्य घोडा तपासतात. आणखी पुढे जाण्याइतका तो धड असेल, तरच त्यानं शर्यत पूर्ण केली असं मानतात.