मूळ धरलेल्या मिरवेलीची जोपासना

गोव्यातील कुळागरात पोफळी, माड, केळी आणि जायफळ यांचा एकत्र संसार असतो. त्या संसारात पोफळीच्या अंगावर चढणारी मिरवेल स्वतंत्र जागा मागत नाही; परंतु आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत ती निगा मात्र मागते. चांगल्या वेलीच्या बुंध्यापासून जमिनीलगत पसरणारे फाटे फेब्रुवारी-मार्चमध्ये कापावयाचे आणि त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे माती, वाळू व शेणखत भरलेल्या पिशव्यांत सावलीला लावावयाचे, ही तिच्या अभिवृद्धीची रूढ रीत होय.

काही आठवड्यांनी कोंब दिसला की लावणारा निर्धास्त होतो, आणि नेमकी येथेच फसगत होते. पहिली पालवी कांडात साठलेल्या अन्नावरही फुटू शकते. ती मुळांची ग्वाही नव्हे. मुळे आली की नाही हे पाहण्यासाठी फाटा उपटू नये, कारण कोवळी मुळे तात्काळ तुटतात. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागली, म्हणजे खूण पटली असे समजावे.

या अवस्थेत अतिलोभ घातक ठरतो. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. म्हणून माती ओलसर ठेवावी, चिखल होऊ देऊ नये. कच्चे शेणखत किंवा रासायनिक खताची मोठी मात्रा नाजूक मुळांना सोसत नाही. सावलीही एकाएकी काढू नये. प्रथम सकाळचे कोवळे ऊन आणि मग क्रमाक्रमाने अधिक उजेड द्यावा.

पावसाने जम धरला की जूनमध्ये लागवड करावी. पोफळीच्या उत्तर बाजूस, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर खड्डा घ्यावा, म्हणजे दक्षिणेकडील उन्हाचा ताप वेलीला कमी लागतो. पिशवी अलगद फाडून मातीचा गड्डा न फोडता रोप बसवावे. वाढता शेंडा केळीच्या सोपटाने खोडाशी सैल बांधावा. पेरांवरील चिकटमुळे खोडाला टेकली तरच आधार धरतात.

पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचल्यास फायटॉप्थोरा ही बुरशी बळावते. पाने काळवंडून वेल थोड्याच दिवसांत मरते. यासाठी चर काढावेत आणि पावसाच्या आरंभी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्याचे प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी असे असते. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवावा. लोखंडी भांडे वापरू नये. पुढे पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी सुक्या पानांचे आच्छादन आणि बेताचे पाणी द्यावे.

ऑगस्टमध्ये रोप दगावले, तर नवे फाटे मिळण्यास पुढील फेब्रुवारी उजाडावा लागतो आणि लागवडीस पुढचा जून. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाती येणारे मिरीचे पहिले घोस त्यामुळे आणखी एक वर्ष लांबतात. नीट रुजलेली वेल मात्र पुढे अनेक वर्षे त्याच पोफळीवर पीक देत राहते.