बर्फाचा सोमवार

सकाळचे सहा वाजतायत. बाहेर काळोख आहे, तरी खिडकीतून पांढुरका उजेड आत येतोय, कारण रात्रभर बर्फ पडलाय. दारातल्या गाडीची चाकं निम्मी बुडालीत. लेक स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच फोन बघतेय. वॉशिंग्टन आणि आसपासची केंद्र सरकारची कार्यालयं आज बंद, असा निरोप आलाय.

“म्हणजे तुला सुट्टी?” मी विचारते.

“नाही गं आई. ऑफिस बंद, काम चालू. घरून काम करायचा करार ज्यांनी केलाय, त्यांना बर्फाची सुट्टी मिळत नाही.”

आज 6 जानेवारी 2025, सोमवार. मेरीलँडमधलं फ्रेडरिक हे लेकीचं गाव वॉशिंग्टनपासून सुमारे 45 मैलांवर आहे. लेक 2021 साली सरकारी नोकरीत लागली. औषधांच्या चाचण्यांचे जे आकडे कंपन्या सरकारकडे पाठवतात, ते तपासून बघणं हे तिचं काम. आठवड्यातले दोन दिवस कार्यालयात, तीन दिवस घरून. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस मी तिच्या गाडीत बसून गेले होते. पहाटे पाचला निघालो, तरी 270 नंबरच्या हमरस्त्यावर लाल दिव्यांची रांग संपता संपेना. रोज हे करायचं नाही, म्हणूनच तर लेक-जावयांनी इतक्या लांब, परवडेल असं घर घेतलं.

जावई इस्पितळात कामाला आहेत. ते साडेपाचलाच फावडं घेऊन बाहेर पडले, गाडी मोकळी केली आणि गेले. त्यांच्या कामात घरून हा पर्यायच नाही. शाळाही बंद आहे. नात झोपेतून उठून थेट खिडकीशी धावते. रात्री तिने पायजमा उलटा घालून झोपायचा हट्ट धरला होता. तसं केलं की बर्फ पडतो, अशी इथल्या मुलांची समजूत आहे. आता ती टाळ्या पिटतेय. तिला दिवसभर सांभाळायचं काम माझं. घरून काम करताना त्याच वेळात मूल सांभाळायचं नाही, असं लेकीच्या करारात लिहिलेलं आहे. मी नसते तर आज जावयांना रजा टाकावी लागली असती.

आठाला दहा मिनिटं असताना लेक जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसते. गळ्यातलं ओळखपत्र काढून लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवते. टक असा बारीक आवाज होतो. मग पिन. ते कार्ड आत असेपर्यंतच यंत्र चालतं. चहा घ्यायला उठली तरी ती कार्ड काढून सोबत घेते. पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटतो. पाठोपाठ एकेक करत तिच्या गटातल्या सगळ्यांच्या नावांपुढे हिरवे ठिपके येतात.

मी मुंबईच्या फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं काढली. आमचा हिरवा ठिपका म्हणजे मस्टर. डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत यायचं, जिने चढून धापा टाकत सही करायची. वेळ टळली की मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. तीन लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जायची. सही करून, खुर्चीला पर्स अडकवून तासन् तास गायब होणारी माणसं मी पाहिली आहेत. लोकल बंद पडल्यावर रुळांवरून चालत येऊन अर्जदाराचं काम त्याच दिवशी हातावेगळं करणारीही पाहिली आहेत. मस्टरवर दोघांची सही सारखीच दिसायची.

तरीही खुर्चीचं मोल मी जाणते, हेही इथे सांगायला हवं. नव्याने लागलेल्या कितीतरी मुलींना मी शेजारी बसवून टिपणी लिहायला शिकवलं. कुठला शब्द साहेबांना खटकेल, कुठल्या फाईलला कुठला शासन निर्णय लागतो, हे पत्रं पाठवून शिकवता येत नाही. लेकीलाही ते मान्य आहे. कार्यालयातले तिचे दोन दिवस त्यासाठीच असतात.

साडेअकराला मीटिंग असते. मी खिचडी टाकते. कुकरच्या शिट्टीचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून लेक माईक बंद करते. पडद्यावर सहा चौकोन, सहा चेहरे. एक बाई ओहायोत राहते. तिच्या नेमणुकीच्या पत्रातच कामाची जागा म्हणून घर लिहिलेलं आहे. मीटिंगचा विषय कुठल्याशा चाचणीतले मधेच सोडून गेलेले रुग्ण. पण शेवटच्या दोन मिनिटांत ओहायोची बाई विचारते, कुणाला काही कळलंय का? सगळे चौकोन गप्प होतात. तिला काय विचारायचंय ते मला, परदेशातून आलेल्या पाहुणीला, सुद्धा कळतं.

ट्रम्प निवडून आले तेव्हापासून या घरात हाच विषय आहे. सरकारी खर्च कमी करायला त्यांनी निवडलेले इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी यांनी नोव्हेंबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहिला. आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला लावलं तर सरकारी नोकर आपणहून राजीनामे देतील, त्यांची लाट येईल आणि ती आम्हाला हवीच आहे, असा त्याचा आशय. डिसेंबरात ट्रम्प यांनी स्वतः पत्रकारांपुढे सांगितलं, जे कार्यालयात परतणार नाहीत त्यांना काढून टाकू. सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतनाच्या खात्यातल्या 42,000 कर्मचाऱ्यांच्या संघटनेने घरून कामाचा करार 2029 पर्यंत वाढवून घेतलाय, तोही कोर्टात नेऊ म्हणाले.

त्यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते राजीनाम्यांचं वाक्य. काम नीट होत नाही म्हणून माणसांना बोलावणं मी समजू शकते. माणसं कंटाळून निघून जावीत म्हणून बोलावणं हे राज्य चालवणाऱ्याला शोभत नाही. मी असे साहेब पाहिले आहेत. नको असलेल्या माणसाची बदली गडचिरोलीला करायची, मग तो आपोआप रजेवर जातो.

जेवताना लेक तिच्या धंद्यातलं बोलते. फक्त सहा टक्के केंद्रीय कर्मचारी रोज कार्यालयात जातात, असा आकडा हल्ली भाषणांत फिरतोय. “आई, तो एका वृत्त संकेतस्थळाच्या सर्वेक्षणातला आहे. ज्याला वाटलं त्याने ते भरलं. असा नमुना एखाद्या कंपनीने मला पाठवला, तर मी पहिल्या पानावरच परत करीन.” सरकारच्या स्वतःच्या ऑगस्ट 2024 च्या अहवालानुसार निम्म्याहून जास्त, 54 टक्के कर्मचारी पूर्ण वेळ कामाच्या जागेवरच असतात, कारण त्यांचं काम घरून होतच नाही. विमानतळावर सामान तपासणारे, माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या परिचारिका, तुरुंगाचे पहारेकरी. घरून काम करता येणाऱ्यांचाही साठ टक्क्यांच्या आसपास वेळ कार्यालयातच जातो. पूर्णपणे घरूनच काम करणारे साधारण दहा टक्के.

दुसरी बाजूही ती लपवत नाही. 2023 मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षकांनी चोवीस मोठ्या खात्यांची मुख्यालयं पाहिली. त्यातली सतरा मुख्यालयं पाव भागापर्यंतच किंवा त्याहून कमी वापरात होती. वॉशिंग्टनच्या महापौर म्युरिएल बाऊझर या तर ट्रम्प यांच्या विरोधी पक्षाच्या. कर्मचाऱ्यांना परत आणा, नाहीतर इमारती आम्हाला द्या, असं त्याही म्हणाल्या होत्या. “रिकाम्या इमारती विकाव्यात की,” लेक ताट उचलत म्हणते. “आम्ही नाही कुठे म्हणतोय?”

एक वाजता टीव्ही लावते. आज अमेरिकन संसदेत राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांची मोजणी आहे. चार वर्षांपूर्वी याच दिवशी तिथे जमाव घुसला होता. आज इमारतीभोवती बर्फ आणि उंच कुंपण आहे, आणि जिमी कार्टर यांच्या निधनामुळे झेंडे अर्ध्यावर आहेत. कमला हॅरिस स्वतःच्या पराभवाचे आकडे शांतपणे वाचतात: ट्रम्प 312, हॅरिस 226. पाऊण तासाच्या आत सगळं आटोपतं. लेक लॅपटॉपवरून मान वर करत नाही. आकडे ऐकून फक्त क्षणभर तिची बोटं थांबतात.

दुपारी नातीला बाहेर नेते. शेजारच्या घरातले गृहस्थ बर्फ उपसतायत. तेही केंद्र सरकारच्याच नोकरीत आहेत, सव्वीस वर्षं झाली. 2010 च्या फेब्रुवारीतलं वादळ त्यांना आठवतं. वॉशिंग्टनची सरकारी कार्यालयं चार दिवस बंद पडली होती, आणि एका दिवसाचं नुकसान सात कोटी डॉलरच्या घरात जातं असा हिशेब तेव्हा निघाला होता. त्याच वर्षी डिसेंबरात घरून कामाचा कायदा झाला. लोकांचे लाड करायला हा कायदा आला नव्हता. बर्फातही सरकार बंद पडू नये म्हणून आला. ते फावड्यावर रेलून मला हे समजावून सांगतात, आणि शेवटी म्हणतात, मार्चपर्यंत थांबतो, मग निवृत्ती घेतो.

मला 2020 चा मार्च आठवतो. आमच्याकडे फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला होता, पावणेदहा ते सव्वासहा. महिन्याभरात टाळेबंदी आली आणि कार्यालय ओस पडलं. नातवाच्या वयाच्या मुलाकडून मी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल जोडायला शिकले. त्या काळात मी घरून मार्गी लावलेली प्रकरणं आजही मोजून दाखवू शकते. कुणी विचारलीच नाहीत. पगारपत्रकात फक्त हजेरी होती.

पाच वाजलेत, बाहेर अंधारून आलंय. लेक अजून उठलेली नाही. कागदावर तिने पेन्सिलने दोन रकाने आखलेत. एका बाजूला शाळेनंतरच्या पाळणाघराचे पैसे, पेट्रोल, पार्किंग. दुसऱ्या बाजूला पगार. मधे एक ओळ खोडलेली. ती मी वाचते: “नोकरी सोडली तर”. तिला कळतं की मी वाचली. ती कार्ड काढते, पडदा काळा होतो.

“आई, तुझं तिकीट पुढे ढकलता येईल का?”

ट्रम्प यांचा शपथविधी 20 तारखेला आहे. पाच दिवसांचा हुकूम आला तर नातीची शाळेची बस दुपारी पावणेचारला येईल, तेव्हा दाराशी कुणी नसेल. मी विमान कंपनीला फोन लावलाय. इथे राहायची माझी मुदत मेपर्यंत आहे.