निऱ्या पायांत येतात तेव्हा

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या आमच्या घरात मोठ्या माणसांची उंची कुणी मोजत नसे. आई खुजी होत चालली, ते तिच्या पातळावरून कळलं. नेसण तीच, पण निऱ्या पायांत येऊ लागल्या. पाठीचे मणके दबत चालले होते. दाखवायला नेलं तिथे उत्तर मिळालं, 'वय झालं.' पुढे न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेवरून उठलीच नाही.

म्हणून हाडांच्या संशोधनाचा आढावा मी म्हातारपणापासून सुरू करत नाही. गोळ्या, इंजेक्शनं, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी यांवर भरपूर लिहून झालं आहे. हाडं ठिसूळ झाली हे ठरवणारा जागतिक आरोग्य संघटनेचा १९९४चा उणे २.५चा (टी-स्कोअर) निकष गोऱ्या तरुण स्त्रियांच्या मापांवर बेतलेला होता, एवढं नोंदवतो आणि पुढे जातो.

माझ्या लेखी खरं काम झालं ते पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या कॅरोलिन फॉल यांच्या गटाने तिथल्या गरोदर बाया काय खातात, ते टिपून ठेवलं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची हाडं मोजली, आईबापांचीही मोजली. २००६ साली निष्कर्ष छापून आला: गरोदरपणी दूध, डाळी, पालेभाज्या असं कॅल्शियमचं अन्न ज्यांच्या ताटात अधिक वेळा होतं, त्यांच्या मुलांची हाडं अधिक भरलेली होती. आईबापांच्या हाडांचा हिशेब धरूनही हे नातं टिकलं. म्हातारीच्या खुब्याची गोष्ट तिच्या आईच्या ताटापाशी सुरू होते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पुण्यातच जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या हाडांची मापं तयार केली, तेही याच वाटेवरचं काम.

'खेड्यातली बाई उन्हात राबते, तिला काय धाड भरली आहे?' असं म्हणणारे विद्वान मला अजून भेटतात. राबण्याने हाडाला बळ येतं, खरं आहे. पण हळद काढणाऱ्या बाईच्या डोक्यावर पदर, अंगात लांब बाह्यांचा सदरा. ड जीवनसत्त्वासाठी हवं ते ऊन लागतं फक्त तोंडाला आणि पंजांना. ताटाचं पाहावं, तर मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर २०२०पासून सांगते. आधी हा आकडा ६०० होता. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तिसाच्या आसपास. तिळात हजाराच्या वर, पण तीळ घरात येतो संक्रांतीला, आणि त्यातलं सगळंच अंगी लागत नाही. घरचं दूध डेअरीला जातं. त्यात बीडच्या ऊसतोड बायांची काढून टाकलेली गर्भाशयं! २०१९च्या सरकारी समितीपुढे गर्भाशय काढलेल्या तेरा हजारांहून अधिक बायांची नोंद आली. शस्त्रक्रियेत अंडाशयंही गेली असतील, तर हाडांची झीज त्याच दिवसापासून सुरू होते. त्या बायांची हाडं कोण मोजणार?

विद्यापीठांकडे पाहावं, तर परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२चं. आमचा हिंगोली जिल्हा १९९९पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून हे आमचंच विद्यापीठ. लोह आणि जस्त वाढवलेली 'परभणी शक्ती' ज्वारी या विद्यापीठाने दिली, याचा मला अभिमान आहे. पण ती भाकरी खाणाऱ्या बाईच्या घरी वर्षानुवर्षं जाणारा संशोधक आता दिसत नाही. वसतिगृहातल्या मुलींकडून प्रश्नावली भरून घेतली की प्रबंध उभा राहतो. आमच्या सेनगाव तालुक्यातली चार गावं वीस वर्षं धरून ठेवील, असं एक तरी विद्यापीठ पुढे यावं.

तोवर वाचकांना एक विनंती. या दिवाळीत आईला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, डोक्याशी खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर दिवाळीला पुन्हा मोजा. तीन-चार सेंटिमीटर कमी भरले, तर 'वय झालं' हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.